महादेवाची थंडाई आणि यांची टेस्ट

यंदा महाशिवरात्रीला महादेवाचं काही म्हणजे काही कमी पडू द्यायचं नाही, असं मी ठरवलं, आणि तिथेच आमच्या घराला साडेसाती लागली.

तसं इथे आयर्लंडमधल्या ट्रलीत देवाचं बरंच कमी पडतं. बेल मिळत नाही, म्हणून मी शॅमरॉक वाहते. (तीन पानं असतात, महादेव समजून घेतो.) हॉलमधल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, देवघर आहे, आणि वाती दमट हवेने माझ्यासारख्याच उसासे टाकत जळतात. पण आमच्या नागपूरला शिवरात्रीच्या थंडाईत चिमूटभर भांग असायची, ती इथे आल्यापासून राहून गेली होती. आणि इथे आल्यापासूनच आमचं काही धड चाललं नव्हतं. यांची गॉलवेची सॉफ्टवेअरची नोकरी गेली. वर्षभर घरी बसले, मग पन्नाशीच्या तोंडावर ट्रकचं लायसन्स काढलं. आता डब्लिनला माल नेतात. "कॉम्प्युटर बंद पडला की रीस्टार्ट करायचो," हे म्हणतात, "ट्रक बंद पडला की पावसात उभा राहतो."

तर गावातल्या एका हर्बल दुकानात मला चहाचं पाकीट दिसलं. त्यावरचं पान थेट आमच्या महादेवाच्या फोटोतल्या भांगेचं! दुकानातली मुलगी म्हणाली, "व्हेरी कामिंग. यू'ल बी ग्रँड." (म्हणजे मन शांत, सगळं मस्त.) मला तर देवच बोलल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी पूजा झाली. तो चहा घालून घोटलेल्या थंडाईचा यांचा ग्लास भरला, माझ्यात घोटभरच. "अहो, प्रसाद आहे, एका दमात घ्या," म्हणून कापूर आणायला गेले. परत येते तो यांचा ग्लास रिकामा आणि माझा काठोकाठ! प्रसाद वाढला! मी डोळे पुसत तो संपवला आणि जपाला बसले. काय सांगू, अंग कापसासारखं हलकं झालं. मिटल्या डोळ्यांनी मी स्पष्ट एक घंटा ऐकली, आणि पाठोपाठ कसला तरी अपूर्व सुवास दरवळला. सकाळी मी मराठी मंडळाच्या ग्रुपवर सगळं सविस्तर लिहिलं. डब्लिनजवळच्या डून लेरीच्या गिरिजाताईंनी लगेच कळवलं, "तुमची पुण्याई मोठी!"

त्याच संध्याकाळी हे भिजून घरी आले.

"आज टेस्टला माझं नाव निघालं."

"कसली हो टेस्ट?"

"गांजाची. कंपनी मधूनच कुणाचंही नाव काढते. लॅबचं उत्तर शुक्रवारी. नापास झालं की किल्ली काढून घेतात, मग कुठेच ट्रक मिळत नाही."

"मग तुम्हाला कसली भीती? गांजा गुंड ओढतात!" मी चक्क हसले. (गांजा गुंडांचा आणि भांग महादेवाची, या दोघांचा एकमेकांशी संबंध असेल असं मला जन्मात वाटलं नव्हतं.)

हे आंघोळीला गेले. आमची रेवा कॉलेजातून आली, चहा करायला पाकीट उचललं आणि ओरडली, "मम! दिस इज वीड!"

"हळू बोल! भांग आहे ती. देवाची."

"सेम प्लांट, मम. द टेस्ट डझन्ट नो युअर गॉड."

तो आठवडा कसा गेला ते माझं मला माहीत. पाऊस थांबेना. हे रात्री शांत घोरायचे, आणि मी शेजारी पडून विचार करायची, की पुन्हा घरी बसले तर या माणसाचं काय होईल? मागच्या वेळी बोलायचेच बंद झाले होते. सांगायची हिंमत होईना. शेवटी देवासमोर पदर पसरला: यांना पास कर, सोळा सोमवार करीन, आणि तेही निर्जळी.

शुक्रवारी फोन आला. हे म्हणाले, "क्लिअर."

मी हुंदके देत यांच्या पाया पडले आणि सगळं सांगून टाकलं. "चमत्कार हो! भांग पोटात जाऊनसुद्धा महादेवाने तुम्हाला वाचवलं!"

हे पांढरे पडून खुर्चीत बसले.

"त्या थंडाईत भांग होती?"

"चिमूटभर... म्हणजे, मूठभर."

"अगं, मी ती प्यायलोच नाही. उपास सहन होईना, म्हणून पंपावरून सॉसेज रोल आणला होता. त्यावर दूध नको म्हणून तुझ्या ग्लासात ओतली."

मला ते कापसाचं अंग आठवलं.

"आणि ती घंटा? मी माझ्या कानांनी ऐकली!"

यांनी तोंड खिडकीबाहेरच्या पावसाकडे वळवलं.

"मायक्रोवेव्ह. रोल गार झाला होता."

सुवासाचं मी विचारलंच नाही.

आज माझा पहिला सोमवार. सकाळपासून घोटभर पाणी नाही, कारण बोललेला नवस फिरवता येत नाही. गिरिजाताईंच्या घरी बायका जमणार आहेत, माझा साक्षात्कार ऐकायला. मी गाडीची किल्ली मागितली, तर यांनी ती खिशात टाकली.

"थांब," हे म्हणाले, "मीच सोडतो. या घरात टेस्ट पास झालेला एकच ड्रायव्हर आहे."