चहा सांडता कामा नये

"कपातला एक थेंबही सांडता कामा नये!" मालकांनी फर्मावलं आणि काठोकाठ भरलेला चहाचा कप मशीनच्या सरकत्या टेबलावर ठेवला. संगणकावर चालणारं नवं सीएनसी मशीन किती अलगद चालतं, हे अकरा वाजता येणाऱ्या गिऱ्हाइकाला नमुन्याची एक लोखंडी प्लेट कापून दाखवायचं होतं. ऑर्डर मिळाली तर ऑपरेटरला नोकरीत कायम करायचं, असं मालकांनी सगळ्यांदेखत कबूल केलं होतं. कबूल करण्यात ते गेल्या तीन वर्षांत कधीच मागे राहिले नव्हते.

"साहेब, चहा सांभाळायचा तर मशीन कोपऱ्यावर वळसा घेणार. मग प्लेटचे कोपरे गोल होतात."

"मग टोकदार ठेव."

"मग चहा सांडेल."

"अरे, दोन्ही जमव! कायम व्हायचंय ना?"

ऑपरेटरने निमूटपणे सेटिंग बदलून मशीनची चाल आणखी मऊ केली. गिऱ्हाईक आलं आणि काचेला नाक लावून उभं राहिलं. टेबल सरकलं, वळलं, मागे आलं, चहा ढिम्म. मशीन स्वतःच जन्माला घातल्यासारखे मालक फुशारले. प्लेटचे चारही कोपरे मात्र वापरलेल्या साबणाच्या वडीसारखे होत चालले होते.

मग भोकांना आटे पाडायची वेळ आली. इथे आटे कापणारा टॅप ज्यात बसवतात त्या स्पिंडलचं फिरणं आणि टॅपचं खाली उतरणं अगदी एका तालात लागतं. ताल चुकला की टॅप गेलाच. पहिल्याच भोकाच्या तळाशी स्पिंडल उलटा फिरायला लागला आणि चहावर बारीकसा तरंग उठला.

"सांडतोय, सांडतोय!" मालक किंचाळले आणि त्यांनी धाडकन लाल बटण दाबलं.

टॅपची वरखाली चाल जागीच थांबली, स्पिंडल मात्र आपल्या तोऱ्यात अर्धा फेरा फिरलाच. कट्‌कन आवाज झाला आणि टॅप प्लेटमध्ये मोडून बसला.

गिऱ्हाइकाने मोडका टॅप पाहिला, गोल कोपऱ्यांवरून बोट फिरवलं, मग कप उचलून खालचं टेबल कोरडं असल्याची खात्री केली.

"काम तुम्हाला देण्यासारखं नाही," गिऱ्हाईक म्हणालं, "पण मशीन झकास आहे. असंच एक आम्हीच घेतो, प्लेटा आमच्याकडेच करू." मग ते ऑपरेटरकडे वळलं. "चालवायला येता का तुम्ही?"

ऑपरेटरने तोंड उघडायच्या आत मालकांचा हात त्याच्या खांद्यावर पडला.

"छे छे, ते कसे येतील? ते आमच्याकडे कायम आहेत!"

"कधीपासून?" ऑपरेटरने विचारलं.