रिलीफ शब्दाच्या अर्थनिर्णयाची हकीकत

श्रीचरणी मस्तक ठेवून, जे डोळां देखिले तेच लिहितो. शके सोळाशे नव्याण्णव, हेमलंबी संवत्सर, वैशाख मास. ते समयी राज्याचा खाडीवरील किल्ला गनिमाने तीन महिने वेढिला, आणि किल्लेदार हिरोजी धामाळे यांनी आपले कुटुंब राखमाबाई यांस मचव्यातून मदत मागावयास हुजुरात धाडिले, आणि महाराजांनी दोस्त इंग्रज फिरंग्यास पत्र घातले, आणि आठवे दिवशी त्याचे उत्तर आले. दरबार भरला. मग दुभाषी लाडोबा केणी पत्र वाचावयास उठले.

परंतु राज्याचा दस्तूर थोर. पूर्वी कोणा वडिलांनी फिरंग्याचे पत्र घाईने ऐकून मान डोलाविली आणि एक बंदर गेले. तेव्हापासून पत्रावर रुमाल घालावा, एकच शब्द उघडा ठेवावा, त्याच्या अर्थावर सर्व खात्यांच्या मोहरा झाल्यावाचून रुमाल सरकवू नये. उघडा शब्द निघाला ‘रिलीफ’.

केणी अर्ज करिते झाले, “सरकार, या शब्दास अर्थ पुष्कळ. पुढले वाक्य वाचिले म्हणजे कोणता ते आपोआप कळेल.”

दिवाणजी म्हणाले, “उतावळेपणा पुरे. अर्थ सांगा.”

मग केणींनी सांगितले आणि जो तो आपला अर्थ उचलून बसला. सेनापती म्हणाले, थकला पहारा उठवून ताजा बसविणे, हाच खरा. राजवैद्य म्हणाले, कळ उतरणे. आणि लेप घोटावयास बसले. शिल्पशाळेचे मुख्य म्हणाले, दगडातून उठून आलेले चित्र. आणि किल्लेदाराच्या मिशा कोरावयास घेतल्या. कोणाचा अर्थ वर लिहावा यावर नऊ दिवस गेले, आणि दोघांची पागोटी पडली.

दहावे दिवशी केणी भीत भीत म्हणाले, “अडल्यास मदत, असाही एक अर्थ आहे.”

“ते खाते कोणाचे?” दिवाणजींनी पुसिले.

दफ्तर धुंडाळिले. असे खातेच राज्यात नव्हते. मोहर करणार कोण? तो अर्थ बाद झाला.

राखमाबाई खांबापासून पुढे आल्या. “म्हाराज, गडावर लेकरं चिंचोके भाजून खात्यात. म्या पाया पडते, त्यो रुमाल काढा.”

महाराजांचे डोळे पाणावले. “दस्तूर आहे, बाई,” म्हणाले, आणि विडा घेतला. हे लिहिताना मज आजही लाज वाटते, कारण मोहरांची लाख मीच तापवीत होतो.

विसावे दिवशी मोहरा पुऱ्या झाल्या आणि रुमाल निघाला. आत लिहिले होते: मदत तयार आहे. तांदूळ, दारूगोळा भरून तीन गलबते उभी. खाडीचा वाटाड्या पंधरा दिवसांत पाठवावा, पुढे दर्या बंद. मग दरबारात एकच धावपळ झाली, वाटाड्या आणा, घोडा आणा. इतक्यात जासूद आला की गड परवा गेला, हिरोजी दरवाजात पडले, आत जिवंत थोडेच उरले.

महाराज कसेबसे म्हणाले, “केणी, पत्राचा शेवट राहिला. वाचा.”

राखमाबाईंनी कपाळीचे कुंकू पदराने पुसिले. “आता सवडीनं वाचा, म्हाराज. वाट बघणारं कुणी ऱ्हायलं न्हाई.”

एणेप्रमाणे शब्दाचे तीन अर्थ राज्यास मिळाले, किल्ला एक गेला. कळावे.