मोटरीचा गळा कोणी आवळला?

"लिही, श्रीधर," पुंडलिकराव म्हणाले. "नागपूर ते इटारसी या टापूत ज्याच्या नजरेतून सुई सुटत नाही, असा एकमेव गुप्तहेर."

मी लिहिलं. चष्मा त्यांच्या कपाळावर होता आणि ते तो खिशात शोधून राहिले होते. तिगाव स्टेशनवर तिकिटं विकून रिटायर झालेला हा माणूस आता फुकटात गुन्हे शोधतो. मी त्यांचा मदतनीस, म्हणजे सख्खा भाचा. भाच्याला राजीनामा देता येत नाही.

शहाऐंशी सालची, दसऱ्यानंतरची गोष्ट. रामाकोन्याजवळच्या तलावावर मच्छीमार सोसायटीला सरकारनं नावेमागे टांगायची मोटर दिली होती आणि ती चालवायला गुलाबला ठेवलं होतं. आठ दिवसांपासून ही मोटर पाच मिनिटं चाले, आचके देई आणि भर पाण्यात बंद पडे. आज चार वाजता छिंदवाड्याचे साहेब बघायला येणार होते. पैलतीर गाठून परत आली नाही तर मोटर जमा आणि गुलाबची नोकरीही जमा. मग पुन्हा सौंसरात संत्र्याच्या पेट्या ठोकणं आलं.

गुलाब हात जोडून उभा होता. त्याची बायको पंचफुला काठावर जाळं सांधत होती.

"संशय कोणावर?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"मोटरीवर जी."

"चूक. मोटर हा बळी आहे."

पंख्यात शेवाळ अडकलं असेल म्हणून त्यांनी गुलाबला छातीभर पाण्यात उतरवलं. पंखा स्वच्छ निघाला. "म्हणजे पुरावा नष्ट केलाय," ते म्हणाले. मग टाकीचं झाकण उघडून त्यांनी पेट्रोलचा वास घेतला, भेसळ जाहीर केली आणि झाकण घट्ट लावलं. गुलाबनं दोरी ओढली. मोटर झकास सुरू झाली. वासानंच घाबरली, असं मला लिहावं लागलं. सहाव्या मिनिटाला ती बंद पडली आणि आम्ही तिघं तलावाच्या मधोमध अडकलो. वल्ही काठावरच होती, कारण सोबत वल्ही नेणं म्हणजे गुप्तहेरावर अविश्वास. हातांनी पाणी ओढत परत आलो.

आता त्यांनी प्लग काढून माझ्या शर्टाला पुसला. "बघ, चेहरा काळा पडलाय. याला काहीतरी माहीत आहे."

"बाबूजी," गुलाब म्हणाला, "साडेतीन होऊन राहिले. मायी नोकरी जाऊन राहिली अन् तुमी प्लगचा चेहरा पाहून राहिले."

त्याचा आवाज फाटला होता. मला माझी वही तळ्यात फेकावीशी वाटली.

पंचफुलानं जाळं खाली ठेवलं. "येक बोलू का जी? झाकण उघडून लावलं का चालते, थोड्या वेळानं मरते. घासलेटच्या पिप्याले येकच भोक पाडलं त तेल येते का? हवेसाठी दुसरं पाडा लागते. ह्या टाकीचं दुसरं भोक कुठी हाय?"

ते झाकणावरच होतं. दसऱ्याच्या यंत्रपूजेचा तेल-शेंदूर त्यावर वाळून दगड झाला होता. पंचफुला सुई काढून तो टोकरू लागली.

"थांब," पुंडलिकरावांनी भिंग काढलं. "अंगठ्याचा ठसा आहे. रुंद, मंद बुद्धीचा, स्वतःला फार समजणारा इसम."

यंत्रपूजेला प्रमुख पाहुणे तेच होते. मोटरीला बळ यावं म्हणून उरलेला शेंदूर त्यांनी झाकणावर स्वहस्ते दाबला होता. मी याची आठवण करून दिली. त्यांनी भिंग आधी ठशावर आणि मग स्वतःच्या अंगठ्यावर धरलं. त्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा तपास असावा.

साहेब चारला आले, तोवर पंचफुलानं भोक मोकळं केलं होतं. मोटर पैलतीरी जाऊन परत आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. साहेबांनी रजिस्टर उघडलं.

"दुरुस्ती कोणी केली? नाव सांगा."

पुंडलिकरावांनी घसा खाकरला. पण गुलाब पुढे झाला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि चारचौघांत तो बायकोला 'पोरीची माय' यापलीकडे काही म्हणाला नव्हता. कान लाल करून, जमिनीकडे बघत तो बोलला, "पंचफुला, साहेब. मायी बायको हाय."

साहेबांनी लिहिलं. पंचफुलानं पदर तोंडावर ओढला. आता लाजेनं पळते की काय, असं मला वाटलं.

पदरातून आवाज आला, "आडनावबी सांगा ना. सरकारी रजिस्टर हाय थे."