डक: नाम की क्रियापद?

"माझी मुलगी डक होणार नाही," सिरिल वॅग्स्टाफ म्हणाले आणि टोस्टवर लोणी असं फासू लागले, जणू टोस्टनेच डॉरीनला मागणी घातली होती.

मागणी घातली होती एडविन डकने आणि तो समोरच बसला होता. मुलगा निर्व्यसनी, प्लंबिंगचं काम चोख, आणि वॅग्स्टाफांच्या न्हाणीघरातला गळका नळही त्यानेच थांबवलेला. खोट काढायची तर आडनावातच निघत होती. तिकडे नॉर्फकला, एडविनच्या गावी, हे आडनाव कुणाला खुपत नसे. पण डर्बीशरात माणसं एकमेकांना लाडाने 'डक' म्हणतात, जसं आपण 'राजा' नाहीतर 'बाळा' म्हणतो. खाटीक गिऱ्हाइकाला डक म्हणतो, नर्स सुई टोचताना डक म्हणते आणि पोलीस दंडाची पावती फाडताना "इथे सही कर, डक" म्हणतो.

वॅग्स्टाफांच्या गावी, क्रॅबलीत, आला त्या आठवड्यात एडविनला भरून आलं होतं. अख्खं गाव आपल्याला नावाने ओळखतं म्हणजे काय. मग बसच्या ड्रायव्हरने एका म्हातारीला "सांभाळून चढ, डक" म्हटलेलं त्याने ऐकलं आणि तो तिच्या शेजारी जाऊन बसला. "तुम्ही आमच्या कुठल्या शाखेतल्या?" त्याने विचारलं. म्हातारी पुढच्याच थांब्यावर उतरली.

"बाबा, आपलं वॅग्स्टाफ तरी काय मोठं राजघराणं लागून गेलंय?" डॉरीन म्हणाली.

"वॅग्स्टाफला कुणी शून्य म्हणत नाही."

खरं दुखणं हे होतं. सिरिल गावच्या क्रिकेट संघाचे कप्तान. माणसं कमी पडली की ते एडविनला खेळवत, आणि तो दर वेळी एकही धाव न काढता, म्हणजे क्रिकेटच्या भाषेत 'डक'वर, परत येत असे. साप्ताहिकात मथळा यायचा, 'डक डकवर बाद'. छापखान्यात तो आता जुळवूनच ठेवलाय, अशी वदंता होती.

"शनिवारी नेदरकोटशी सामना आहे," सिरिल म्हणाले. "डकवर बाद झाला नाहीस तर लग्नाचा विचार करीन. झालास तर विषय संपला."

"म्हणजे मला खेळवताय?"

"दहाच माणसं आहेत."

शनिवारी व्हायचं तेच झालं. क्रॅबलीची शेवटची जोडी मैदानात, धावसंख्या बरोबरीत, जिंकायला एक धाव. एका टोकाला सिरिल आणि फलंदाजीच्या टोकाला एडविन, त्याच्या नावावर अर्थातच काही नाही. चेंडू होता हेडली ट्विगच्या हातात. हा नेदरकोटचा कप्तान, दगडाच्या खाणीत कामाला. मैदानातही तो कामाचीच आठवण काढत असावा असं वाटे. चेंडू आखूड पडला आणि उसळून थेट एडविनच्या डोक्याकडे निघाला.

"डक!" सिरिल ओरडले.

त्या एका शब्दाने मैदानात तीन गोष्टी घडल्या. विकेटकीपर आणि दोन्ही स्लिप 'वाका' असं समजून जमिनीला लागले. सीमारेषेवरच्या दोघांना वाटलं, म्हातारा मायेने बोलावतोय. ते "काय रे, डक?" म्हणत आत चालत आले. आणि एडविनला वाटलं, आपल्याला हाक मारली. तो "हां, बोला" म्हणून वळला. चेंडू त्याच्या कानामागून, वाकलेल्या कीपरवरून आणि रिकाम्या सीमारेषेवरून जाऊन चहाच्या टेबलावर पोर्क पायमध्ये रुतला.

क्रॅबलीचे लोक नाचू लागले. हेडली पंचांकडे धावला. पंच होत्या मिसेस ऑल्सॉप. दोन्ही गावांना इंग्रजी त्यांनीच शिकवलेलं. दुसरे पंच वाकले होते, ते अजून उठले नव्हते.

"बाई, अपील आहे."

"ओरडू नकोस, हेडली. हात वर करून बोल."

हेडलीने हात वर केला. "यांनी ओरडून आमच्या पोरांना वाकवलं, बाई. क्षेत्ररक्षणात अडथळा. नियमाने हे बाद आहेत."

"म्हणजे तुझ्या मते 'डक' हे क्रियापद होतं."

"हो, बाई. आज्ञार्थी."

"शाळेत असताना कधी ओळखलं नाहीस. सिरिल, तुझं काय म्हणणं?"

आपण नक्की काय ओरडलो हे सिरिलना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. "मी आपलं लाडाने म्हणालो, बाई."

"कुणाला?"

"सगळ्यांनाच."

"मग नेदरकोटलाही म्हणालास. ते गोंधळले, म्हणजे अडथळाच झाला." बाईंचं बोट वर जाऊ लागलं.

"थांबा, थांबा," सिरिल म्हणाले. "नाव होतं ते. याचं."

"विशेषनाम. ठीक. आपल्या जोडीदाराला हाक मारायला बंदी नाही." बोट अर्ध्यावर थांबलं. "पण मग आधी 'मिस्टर' कुठे गेलं? नुसत्या आडनावाने हाक तुरुंगात मारतात."

"घरातल्या माणसाला कशाला मिस्टर, बाई?"

"हा तुझ्या घरातला कधीपासून?"

सिरिलनी धावफलकाकडे पाहिलं. नेदरकोटला शेवटचं हरवलं त्यानंतर त्यांच्या केसांचा रंग बदलला होता. मग त्यांनी चहाच्या टेबलाकडे पाहिलं. डॉरीन किटली हातात घेऊन ओतायची थांबली होती.

"सप्टेंबरपासून," ते म्हणाले. "चर्च मोकळं असेल तर."

"पूर्ण वाक्यात सांग."

सिरिलनीही हात वर केला. "डक माझा जावई होणार आहे."

"भविष्यकाळ आहे, पण चालेल." बाईंनी बोट खाली घेतलं आणि चार बायचा, म्हणजे बॅटला न लागता मिळालेल्या चार धावांचा, इशारा केला. "अपील फेटाळलं. हेडली, शर्ट आत खोच."

क्रॅबलीकरांनी सिरिलना खांद्यावर घेतलं. एडविनलाही घेतलं, पण तो जड निघाला म्हणून लगेच ठेवलं. तंबूपाशी पोचेपर्यंत सिरिलना हिशेब लागला होता.

"अरे, पण चारही धावा बायच्या. तुझं खातं शून्यच राहिलं की."

"हो. पण मी नाबाद आहे," एडविन म्हणाला. "नाबाद शून्याला डक म्हणत नाहीत."

सिरिलनी बराच वेळ यात पळवाट शोधली. सापडली नाही. "म्हणजे आज मैदानावर डक फक्त तू एकटा."

"घरी दोन होतील," डॉरीन म्हणाली आणि बापाच्या हातात चहाचा कप दिला. "साखर किती घालू, डक?"

"दोन चमचे," दोघेही म्हणाले.