थोरली, मधली, धाकटी

आमचे मालक माणसाच्या तोंडाकडं बघत नाहीत, मनगटाकडं बघतात. मुरुमच्या बाजारात त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे आणि दुकानामागंच आमचं घर. परवा माझा सख्खा भाऊ समोरून गेला तर यांनी ओळख दिली नाही. नंतर मला म्हणाले, कुणीतरी सेलवर चालणारं घड्याळ घालून गेला.

यांचा जीव एकाच जातीच्या घड्याळावर. शर्यत मोजायचं जुनं परदेशी घड्याळ. मोठ्या तबकडीत दोन छोट्या तबकड्या, कडेला दोन बटणं. बटण दाबलं की लांब काटा पळतो, परत दाबलं की थांबतो. कंपनीनं ते बरीच वर्षं काढलं आणि दर खेपेला काहीतरी बदललं. त्या खेपांना यांनी बहिणींसारखी नावं दिलीत. थोरलीची बटणं गोल, काटे सुईसारखे. मधलीची बटणं चौकोनी. धाकटीच्या काट्यांत अंधारात चमकणारा रंग.

डोळ्याला भिंग लावून बसतात आणि मधेच मला हाक मारतात. "अगं, हिकडं ये. मधलीच्या सहाची शेपटी बघ, कशी आखूड हाय." पीठ लागलेल्या हातानं मी जाते, बघते. पण माझी मोरणी डाव्या नाकपुडीत आहे का उजव्या, असं कुणी विचारलं तर हे सांगू शकणार नाहीत.

आमच्या लग्नात माझ्या वडिलांनी मोठ्या हौसेनं असलंच घड्याळ शोधून जावयाला दिलं. यांनी मांडवातच ते उलटसुलट केलं आणि म्हणाले, "मामा, अंग थोरलीचं हाय, पण काटे धाकटीचे बसिवलेत." वऱ्हाड हसलं. वडील खाली बघत राहिले. घड्याळाच्या बाबतीत यांना कुणाची भीड नाही. कितीतरी गिऱ्हाइकं रागावून गेली ती परत आली नाहीत.

मागच्या आठवड्यात उमरग्याहून एक बाई आली. नीटनेटकी, हळू बोलणारी. तिचे मालक शाळेत खेळाचे मास्तर होते, ते नुकतेच वारले. त्यांचं असलंच घड्याळ तिनं यांच्यापुढं ठेवलं. घड्याळ पहिल्या खेपेचं आहे, आतलं काही बदललेलं नाही, असं ते जन्मभर सांगायचे. आता पोरं म्हणतात, बाबा थापा मारायचे. ती म्हणाली, "दादा, खरं काय ते तुम्हीच सांगा."

मी पडद्यामागं उभी होते. बटणं चौकोनी होती. काटे चमकत्या रंगाचे. एवढं तर मलाही तिथून दिसलं. आता हे फाडकन बोलणार म्हणून मी वाट बघत राहिले.

यांनी भिंग काढलं आणि चक्क तिच्या तोंडाकडं बघितलं.

"ताई, थोरलीच हाय, पहिल्या खेपेची. कुणाचा हात लागलेला न्हाय. मास्तर खरं बोलत हुते."

बाईनं पदर डोळ्याला लावला. यांनी मला चहा टाकायला सांगितला. तिच्या कपात मी साखर कमीच घातली.

ती गेल्यावर मी दुकानात आले. "बटणं चौकोनी हुती," मी म्हणाले.

"व्हय. मधलीच हाय. काटे बी उसने."

"माझ्या बापाला मांडवात खरं सांगितलं तुम्ही. माझ्याशी एवढ्या वर्षांत एक गोड खोटं बोलला न्हाईत. हिच्याशी पहिल्याच भेटीत बोललात."

त्यांनी सदऱ्याच्या टोकानं भिंग पुसलं.

"ती काय परत यायची न्हाय," ते म्हणाले. "तुझ्याशी एकदा खोटं बोललो, आन् उद्या 'बघ' म्हणून हाक मारली, तर तू येशील का? तुझ्याबिगर हे बघायला येतंय कोण?"

दुपारी हाक आली तेव्हा मी हात धुऊन गेले आणि स्टूल ओढून त्यांच्याशेजारी बसले.

त्या बाईवरचा माझा राग मात्र अजून आहे.