सॅन मारिनोचा चोरदरवाजा

सॅन मारिनो नावाचा अख्खा देश एका डोंगरावर मावतो हे कळल्यापासून उदय टिपणिसांना त्या देशाबद्दल थोडा आपलेपणा आणि बरीचशी दया वाटू लागली होती. पुण्यात कॉलेजात असताना त्यांनी सह्याद्रीतले गडकिल्ले पायाखाली घातले होते. पुढे इंग्लंडात वॉटफर्डच्या कौन्सिलात खुर्ची झिजवण्यात वर्षं गेली, तरी तटबंदी दिसली की त्यांची छाती आपोआप फुगायची. एक्याण्णवच्या ईस्टरला ते कोच टूरनं इटलीकडे निघाले. बायको सीमा आणि शाळकरी मीनल सोडली, तर कोचमध्ये सगळे पेन्शनर.

सॅन मारिनोच्या पहिल्या बुरुजाशी गाइडबाई म्हणाल्या, "हा अकराव्या शतकातला."

"दरवाजा मात्र उघड्यावर ठेवलाय," उदयराव म्हणाले. "आमच्याकडे दोन बुरुजांच्या आड लपवतात. शत्रूला सापडतच नाही."

अर्ध्या पेन्शनरांनी गाइडकडे पाठ फिरवली. मिसेस हॉपकिन्स या रिटायर्ड हेडमिस्ट्रेस. त्यांनी शंका काढली, "आणि आतल्यांना पळायचं असेल तर?"

"त्यासाठी चोरदरवाजा. प्रत्येक किल्ल्याला असतोच."

"मग इथला कुठंय?"

सीमानं त्यांची बाही ओढली, पण आता प्रश्न सह्याद्रीच्या अब्रूचा होता. उदयराव तट चाचपत निघाले, आणि नशीब असं, की वेलींमागे खरोखरच एक बुटका दरवाजा निघाला. ढकलला तर उघडलाही. ते वाकून आत शिरले. मागोमाग सीमा, मीनल, मिसेस हॉपकिन्स आणि सातआठ पेन्शनर.

"बाबा, ती दरवाजा बंद झाली," मीनल आपल्या वॉटफर्डी मराठीत म्हणाली. आतून कडी नव्हती.

आता खाली उतरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पायऱ्या संपल्या त्या एका चौकात. तिथं काळे कोट आणि छातीवर पदकं अशी बडी मंडळी रांगेत उभी होती. त्या दिवशी देशाचे नवे प्रमुख शपथ घेणार होते आणि देशोदेशीच्या वकिलातींची मिरवणूक निघायच्या बेतात होती. परमुलखात माणसानं नीटनेटकं असावं, म्हणून उदयराव प्रवासातही सुटाबुटात असत. सीमाच्या अंगावर नारायणपेठी होती. एका कारभाऱ्यानं दोघांना न्याहाळलं आणि अदबीनं विचारलं, "इंडिया?"

"इंडिया," उदयराव म्हणाले. खोटं थोडंच होतं ते?

कारभाऱ्यानं त्यांना रांगेत उभं केलं. पेन्शनर मागे लवाजमा म्हणून उभे राहिले. बँड सुरू झाला.

"अहो, सांगा ना त्यांना."

"बँड थांबला की सांगतो."

बँड थांबला नाही. शिपायांनी सलामी दिली, दुतर्फा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिसेस हॉपकिन्स राणीसारखा हात हलवत चालल्या होत्या. मंडळींना थेट पुढच्या खुर्च्या मिळाल्या आणि समोर इटालियनमध्ये लांबलचक भाषण सुरू झालं. पलीकडच्या गर्दीत हरवलेली माणसं शोधणाऱ्या गाइडबाई दिसल्या. त्यांनी आ वासला तो मिटेचना.

समारंभ आटोपल्यावर एक वयोवृद्ध मानकरी हात मिळवत त्यांच्यापाशी आले. "तुमचा देश केवढा मोठा," ते इंग्रजीत म्हणाले. "आमचा म्हणजे हा एवढा डोंगर. कसा वाटला आमचा किल्ला?"

पेन्शनर पुढे सरसावले. सकाळपासून उदयरावांनी त्या किल्ल्याचा एकही दगड धड ठेवला नव्हता. मीनलनं डोळे मिटून घेतले.

उदयरावांनी वर पाहिलं. तीन सुळके, तीन बुरूज आणि वाऱ्यावर निशाण.

"आमच्याकडे असे किल्ले शेकड्यांनी आहेत. पण त्यांच्यावरची राज्यं गेली. तुमचं अजून उभं आहे."

आणि त्यांनी कमरेत वाकून तीनदा मुजरा केला. म्हाताऱ्या मानकऱ्यांना तो काय प्रकार आहे ते कळलं नाही, पण कुणाचा मान ठेवून घ्यायचा नाही म्हणून त्यांनीही गुडघे सावरत तसाच परत केला. त्यांचे डोळे पाणावले होते.

कोच निघाला तेव्हा गाइडबाईंनी फणकाऱ्यानं खुलासा केला, की तो दरवाजा माळ्याच्या अवजारांसाठी केलेला आहे. कुणीही विश्वास ठेवला नाही. मीनल मिसेस हॉपकिन्सना मुजरा शिकवत होती. "असं नाही, हात खाली. माझे बाबा करतात तसं."

उदयराव मात्र मागे पडत चाललेल्या बुरुजांकडे बघत होते.

"काय झालं?" सीमानं विचारलं.

"ते बिचारे मला हिंदुस्थानचा वकील समजले गं. खरं सांगायला हवं होतं."

"वकिली केलीतच की तुम्ही. चांगली केलीत."

"पण कुठल्या देशाची?"

सीमानं थर्मासमधला चहा त्यांच्या हातात दिला. "ते वॉटफर्डला गेल्यावर ठरवू."