सासऱ्यांचा मेंदू आणि माझं इंग्रजी

सोलापुरात माझे इंग्रजीचे क्लास आहेत. त्यामुळे मैंदर्गीच्या सासुरवाडीत औषधाच्या चिठ्ठीपासून मिक्सरच्या वॉरंटीपर्यंत सगळं मीच वाचून दाखवतो. मैंदर्गीत इंग्रजीच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा, अशी माझी पक्की खात्री होती.

गेल्या महिन्यात सासरे बसलिंगप्पा, म्हणजे आमचे मामा, यांच्या डोक्यावर त्यांच्याच किराणा दुकानाचं शटर आदळलं. त्यानंतर त्यांनी एका गिऱ्हाईकाला साखरेऐवजी रवा बांधून दिला. त्यांचे धाकटे भाऊ गुरुकाका एवढ्याचीच वाट बघत होते.

"आण्णाचं डोकं कामातनं गेलंय. दुकानाच्या किल्ल्या माझ्याकडं द्या."

मग सोलापुरात डोक्याचं स्कॅन झालं. रिपोर्ट मोबाईलवर आला, तेव्हा सगळं घर माझ्याभोवती बसलं. मी घसा खाकरून वाचलं, "ब्रेन, अनरिमार्केबल."

"म्हंजे?" मामांनी विचारलं.

क्लास घेणाऱ्या माणसाला गप्प बसता येत नाही. मी शब्द फोडून दाखवला. "रिमार्केबल म्हणजे उल्लेखनीय. अन म्हणजे नाही. तुमच्या मेंदूत उल्लेख करावा असं काहीच नाही, मामा."

"मी दुसरं काय सांगत हुतो?" गुरुकाका म्हणाले.

सासूबाई चंद्रव्वा लसूण सोलत होत्या. "हे मला लग्नापासनं म्हाईत हाय. त्याला मशीन कशाला लागतंय?"

मामांनी कमरेच्या किल्ल्या काढून भावापुढं ठेवल्या आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. जेवायलाही उठेनात. बायको काव्या म्हणाली, "डॉक्टरांना फोन लावा. स्पीकरवर."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, अनरिमार्केबल म्हणजे सगळं व्यवस्थित. दोष सापडला नाही की आम्ही तसंच लिहितो. भलतंच कुणी सांगितलं तुम्हाला?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. "आवाज तुटतोय," म्हणून मी फोन ठेवला.

मामा ताडकन उठले, किल्ल्या कमरेला खोचल्या आणि भाकरी मागितली. भावाला म्हणाले, "आता तुझंबी डोकं तपासू की. कुटं रिमार्क निघतोय का बघू."

तो शब्द त्यांना लई आवडलाय. परवा अक्कलकोटला एका लग्नात त्यांनी चारचौघांत माझ्या पाठीवर हात ठेवला. "हे आमचे जावई, इंग्रजीचे मास्तर. एकदम अनरिमार्केबल माणूस!"

पाहुण्यांनी आदरानं हात जोडले. मीही जोडले. अर्थ सांगायची आता माझी टाप नाही.